पायाळू बाळ फिरवण्याची सेवा: वेदनाशमनाला पाचपैकी किती?

गेल्या वर्षी इंग्लंडच्या मध्यभागातील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात माझ्यावर दोन वेळा ईसीव्ही करण्यात आले, म्हणजे पोटावरून हातांनी दाब देऊन पायाळू बाळाचे डोके खाली आणण्याचा प्रयत्न झाला. पहिला प्रयत्न सदतिसाव्या आठवड्यात जवळजवळ कोणत्याही वेदनाशमनाविना झाला आणि दुसरा एकोणचाळिसाव्या आठवड्यात पाठीच्या कण्यातून भूल देऊन झाला. दोन्ही वेळा बाळ फिरले नाही. तरीही त्याच रुग्णालयाच्या एकाच सेवेला मी एका दिवसासाठी दीड तारा आणि दुसऱ्या दिवसासाठी साडेचार तारे देते आहे, आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी विचारपूस केली तेव्हा आजूबाजूच्या इतर शहरांतील बायकांचे अनुभवही फारसे वेगळे निघाले नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. गर्भावस्थेच्या अखेरीस शंभरातील तीन-चार बाळे डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली अशा स्थितीत असतात. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट पायाळू म्हणतात, पण माझ्या मुलीचे पाय खाली नव्हतेच. ती कुल्ल्यांवर बसून दोन्ही पाय सरळ कानांपर्यंत वर नेऊन पहुडली होती. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा बाळांसाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित असल्याचे दिसले आणि त्यानंतर जगभर पायाळू बाळ म्हणजे सिझेरियन हे समीकरण घट्ट झाले. सिझेरियन टाळण्याचा जो मुख्य मार्ग उरला तो म्हणजे बाळालाच आधी फिरवणे. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या 2017 च्या मार्गदर्शिकेनुसार पहिलटकरणीला छत्तिसाव्या आठवड्यापासून आणि आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला सदतिसाव्या आठवड्यापासून हा पर्याय द्यावा, असे आहे. यश साधारण निम्म्या वेळा मिळते, पहिलटकरणीला त्याहून कमी. प्रयत्नानंतर चोवीस तासांच्या आत तातडीचे सिझेरियन करावे लागण्याची शक्यता दोनशेत एक इतकी असते. पुण्यातील माझ्या मैत्रिणीला याच स्थितीत हा पर्याय कोणी सांगितलाही नव्हता. तिला सोनोग्राफीच्या दिवशीच सिझेरियनची तारीख मिळाली होती. त्या तुलनेत इथे मिडवाइफने, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षित सुइणीने, मला बसवून, पत्रक हातात देऊन, दोन दिवस विचार करायला दिले, याचे श्रेय मी आधीच नोंदवून ठेवते.

माझी खरी तक्रार त्या पत्रकापासूनच सुरू होते. चार पानांच्या पत्रकात वेदनेविषयी एकच वाक्य होते: प्रक्रियेदरम्यान काहीशी अस्वस्थता जाणवू शकते. अस्वस्थता हा शब्द मी उन्हाळ्यातल्या एसटीच्या प्रवासासाठी वापरते. गर्भाशयाच्या भिंतीतून बाळाचे कुल्ले ओटीपोटातून उपसून वर काढणे आणि दुसऱ्या हाताने डोके विरुद्ध दिशेला ढकलणे, तेही मिनिट-दोन मिनिटे सलग, याला तो शब्द लावणारी व्यक्ती त्या पलंगावर कधी झोपलेली नसावी. काही बायकांना हे खरोखरच थोडक्यात निभावते. बाळ सैल असेल, गर्भजल भरपूर असेल, आधीचे बाळंतपण झालेले असेल, तर अर्ध्या मिनिटात कोलांटी होऊन जाते. परंतु प्रयत्न फसतो तेव्हा वेदना अधिक होते, असे अभ्यासांत नोंदलेले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण जे बाळ हलत नाही त्याच्यासाठी जोर वाढवावा लागतो. पत्रकाने ही शक्यता आधी सांगितली असती तर मी वेदनाशमनाची चौकशी आधीच केली असती.

पहिल्या दिवशी मला बाह्यरुग्ण विभागातील एका छोट्या खोलीत नेण्यात आले. अर्धा तास सीटीजी यंत्रावर बाळाच्या ठोक्यांची नोंद झाली, सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीवर असल्याचे पुन्हा पाहिले गेले, आणि दंडावर त्वचेखाली टर्ब्युटालिनचे इंजेक्शन देण्यात आले. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण मी स्वतः त्याला बळी पडले. ‘आधी इंजेक्शन देतो’ असे ऐकल्यावर ते दुखू नये म्हणून आहे, असे मी गृहीत धरले. टर्ब्युटालिन हे वेदनाशामक नव्हे. ते गर्भाशयाचे स्नायू सैल करते, म्हणजे पिशवी आकसत नाही आणि बाळाला वळायला जागा मिळते. त्यामुळे यशाची शक्यता वाढते हे चांगल्या चाचण्यांतून सिद्ध आहे. पण ते घेतल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा तापतो, आणि दुखायचे तेवढे दुखतेच. ‘हे औषध पिशवीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही’ हे एक वाक्य डॉक्टरांनी उच्चारायला हवे होते.

मग पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करून, पोटावर जेल लावून प्रयत्न सुरू झाला. पहिला दाब मी सोसला. दुसऱ्या दाबाच्या मध्यावर मी थांबा म्हणाले, आणि डॉक्टरांचे हात तत्क्षणी उचलले गेले. त्यांच्या या तत्परतेबद्दल मला आदर आहे. त्यानंतर मिडवाइफने विचारले की गॅस हवा आहे का. हा गॅस म्हणजे एन्टोनॉक्स, निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन, जो इथल्या बहुतेक प्रसूतिकक्षांत भिंतीतल्या नळीतून मिळतो. परंतु ही खोली प्रसूतिकक्षात नव्हती. भिंतीत नळी नव्हती, आणि सिलिंडर दुसऱ्या मजल्यावरून आणावा लागणार होता. 2022-23 च्या सुमारास इंग्लंडमधील काही प्रसूतिविभागांना हवा पुरेशी खेळती नसल्यामुळे, कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या काळजीपोटी, हा गॅस काही काळ बंदच ठेवावा लागला होता. त्यामुळे छोट्या खोलीत तो सहज सोडायचा नाही ही सावधगिरी मला समजते. पण मग मुळात ही प्रक्रिया अशा खोलीत का ठेवायची, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

वीस मिनिटांनी सिलिंडर आला. एन्टोनॉक्सचा परिणाम जाणवायला वीस-तीस सेकंद लागतात आणि तो पूर्ण भरात यायला जवळपास मिनिट जातो, म्हणून दाब सुरू होण्याच्या आधीपासून खोल श्वास घ्यायला हवेत. प्रसूतीच्या कळांत मिडवाइफ हे नेमके शिकवतात, कारण कळ येताना कळते. इथे मात्र दाब कधी येणार हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होते आणि गॅसची नळी माझ्या हातात होती. दोघांचा मेळ बसला नाही. डॉक्टरांनी हात टेकवले तेव्हा मी पहिला श्वास घेतला. मला गुंगी येऊ लागली तेव्हा दाब संपत आला होता. बाळाचे कुल्ले ओटीपोटातून सुटले, पाव वळसा झाला, आणि पुन्हा होते तिथे घसरले. मी दुसऱ्यांदा थांबा म्हणाले. नंतर वाचनात आले की रेमिफेंटानिल या अल्पकाळ काम करणाऱ्या शिरेतील औषधामुळे, आणि काही अभ्यासांत या गॅसमुळेही, प्रक्रियेतील वेदना कमी झाल्याचे दिसले आहे, मात्र बाळ फिरण्याचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे दिसलेले नाही. माझ्या दृष्टीने हा गॅसचा दोष नाही. दुखणे कमी करणे हे त्याचे काम आहे, आणि ते काम त्याला वेळेवर करू दिले गेले नाही.

घरी जाताना माझ्या नोंदींत एक ओळ लिहिली गेली: मातेला सहन न झाल्याने प्रयत्न थांबवला. पुढचे बारा दिवस मी या ओळीबरोबर काढले. डॉक्टरी नोंद म्हणून ती अचूक असेल, परंतु वाचणाऱ्या बाईला ती परीक्षेच्या निकालासारखी वाटते. आई फोनवर काही बोलली नाही. मावशी मात्र म्हणाली, ‘बाई गं, अजून थोडं सोसलं असतंस तर पोटावरचा चिरा टळला असता.’ तिने ते प्रेमानेच म्हटले होते, तिची तीनही बाळंतपणे गावच्या सुइणीने घरात केलेली आहेत. पण माझ्या डोक्यात तोच प्रश्न आधीपासून फिरत होता. बाळ फिरण्यासारखे नव्हते, की मी कमी पडले? जेव्हा प्रयत्न वेदनेमुळे थांबतो तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही, आणि वेदनाशमनाविना सेवा चालवणाऱ्या रुग्णालयाने विचारात न घेतलेली किंमत माझ्या मते हीच आहे.

दुसऱ्या भेटीत वरिष्ठ प्रसूतितज्ज्ञांसमोर मी हा प्रश्न स्पष्ट मांडला. त्यांनी तीन पर्याय समोर ठेवले: एकोणचाळिसाव्या आठवड्यात सिझेरियन, पायाळू अवस्थेतच नैसर्गिक प्रसूती, किंवा शस्त्रक्रियागृहात भूल देऊन पुन्हा एक प्रयत्न, आणि तो फसल्यास त्याच भुलेत सिझेरियन. रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सर्वांना सरसकट अशी भूल द्यावी असे म्हणत नाही. पण दुसऱ्या प्रयत्नासाठी, किंवा वेदनेमुळे पहिला प्रयत्न सोडावा लागलेल्या स्त्रीसाठी, तिचा विचार करता येतो असे तीत आहे. म्हणजे मी मागत होते ते जगावेगळे काही नव्हते. फक्त ते मला मागावे लागले.

डॉक्टरांनी पुराव्याबाबत जे सांगितले ते मी नंतर स्वतः पडताळले. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये ईसीव्हीला मदत करणाऱ्या उपायांचा आढावा घेतला होता, त्यात 28 अभ्यास आणि 2,786 स्त्रिया होत्या. त्यांपैकी सहा अभ्यासांत, 550 स्त्रियांमध्ये, पिशवी सैल करणाऱ्या औषधाच्या जोडीला कण्यातून भूल दिल्यावर फसलेल्या प्रयत्नांचे प्रमाण नुसत्या औषधाच्या तुलनेत सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाले. याचे कारण समजायला सोपे आहे: दुखले की पोटाचे स्नायू आपोआप ताठरतात, आपण मनाने कितीही ठरवले तरी, आणि डॉक्टरांचे बोट बाळापर्यंत पोहोचण्याआधी त्या भिंतीशी झगडते. भुलेत ही भिंत मऊ पडते. मात्र याच आढाव्यात पुढची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष कळा सुरू होताना डोके खाली असणे किंवा सिझेरियन टळणे, यांत स्पष्ट फरक सिद्ध झालेला नाही; त्या प्रश्नांवर जेमतेम तीन अभ्यासांची माहिती होती. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, पहिली मोठ्याने आणि दुसरी हळू आवाजात असे केले नाही, यासाठी माझा अर्धा तारा त्यांना.

मी त्यांना एक शंकाही विचारली, जी अनेक डॉक्टरांच्या मनातही असते. आईला दुखते म्हणूनच हात आवरला जातो. ती भुलेत असेल तर नको इतका जोर लावला जाणार नाही का? त्यांचे उत्तर असे होते की आजवरच्या चाचण्यांत भुलेमुळे बाळाला अधिक इजा झाल्याचे दिसलेले नाही, परंतु अत्यंत विरळ अपाय पकडण्याइतक्या त्या चाचण्या मोठ्या नाहीत. म्हणून त्या डॉक्टर स्वतः प्रयत्नांची आणि मिनिटांची मर्यादा आधीच ठरवतात आणि प्रत्येक दाबानंतर सोनोग्राफीवर ठोके पाहतात. माझ्यासाठी चार प्रयत्न आणि एकूण दहा मिनिटे असे ठरले, आणि फळ्यावर ते लिहिले गेले. वेदनेची राखण काढून घेतली तर तिच्या जागी दुसरी राखण बसवली पाहिजे, ही समज मला या सेवेत सर्वांत मोलाची वाटली.

त्या दिवशीची व्यवस्था पहिल्या दिवसापेक्षा इतकी वेगळी होती की दोन्हींवर एकाच संस्थेचे नाव आहे यावर विश्वास बसू नये. सहा तास अन्न नाही, दोन तास पाणी नाही, हे घरूनच पाळायचे होते. भूलतज्ज्ञांनी पाठ वाकवून बसायला सांगितले, सुई टोचण्यापूर्वी त्वचा बधिर केली, आणि पुढे काय जाणवेल हे ते प्रत्येक वेळी क्षणभर आधी सांगत गेले. भुलेनंतर डोके दुखण्याची शक्यता सुमारे पाचशेत एक आहे, रक्तदाब उतरून मळमळेल, पाय काही तास आपले राहणार नाहीत, लघवीसाठी नळी घालावी लागेल, हे सगळे सहीच्या आधी बोलले गेले. रक्तदाब उतरलाच आणि मला ओकारी आल्यासारखे झाले. शिरेतून औषध गेल्यावर मिनिटभरात ते शमले. थंड फवारा पोटावर मारून भूल कुठवर चढली ते तपासल्याशिवाय प्रसूतितज्ज्ञांनी हात लावला नाही. या नंतरच्या दहा मिनिटांत मला दाब जाणवत होता, पीठ मळताना परातीला जाणवत असावे तसा, पण वेदना अजिबात नव्हती. मी नवऱ्याशी बोलत होते. डॉक्टर आधी पुढच्या कोलांटीने आणि मग मागच्या कोलांटीने प्रयत्न करत होत्या आणि प्रत्येक वेळी काय झाले ते मला सांगत होत्या. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी हात बाजूला केले आणि म्हणाल्या की पाय असे ताठ वर असल्यामुळे बाळ फळीसारखे झाले आहे, ते दुमडत नाही, आणि वारेमुळे डोक्यावर नीट पकड मिळत नाही. आता थांबणे योग्य. पंचवीस मिनिटांनी त्याच टेबलावर, त्याच भुलेत, सिझेरियनने मुलगी झाली.

त्या क्षणी मला जे वाटले त्याला मी या सेवेचे फलित मानते. बारा दिवस सोबत असलेला प्रश्न सुटला होता. माझे दुखणे मध्ये आले नव्हते, ज्या हातांना पूर्ण मोकळीक मिळाली होती त्यांनाही हे बाळ फिरवता आले नाही. हे उत्तर सदतिसाव्या आठवड्यात मिळाले असते तर मावशीचे वाक्य मला इतके लागले नसते. मात्र पहिल्याच प्रयत्नाला सर्वांना कण्यातून भूल द्यावी, असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, अर्ध्या दिवसाचे झोपून राहणे, हे सगळे त्या बाईसाठी व्यर्थ आहे जिचे बाळ तीस सेकंदांत वळणार आहे आणि जी तासाभरात चालत घरी जाऊ शकते. पण गॅस पहिल्या दाबाच्या आधी हातात असणे, दाबाच्या मिनिटभर आधी ‘आता श्वास घ्या’ असे कोणीतरी सांगणे, आणि दुसऱ्या प्रयत्नाला भूल मिळू शकते हे पत्रकात छापलेले असणे, यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही.

खर्चाविषयी विचारणा होईल म्हणून सांगते: रुग्णालयात एक पैसाही द्यावा लागला नाही, अर्थात आम्ही व्हिसाबरोबर माणशी वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला आहे, त्यामुळे फुकट हा शब्द मी जपून वापरते. भाषेची अडचण मला आली नाही. ज्यांना येते त्यांनी दुभाषा आधी मागून घ्यावा, कारण ‘थांबा’ हा शब्द ऐन वेळी परक्या भाषेत सुचत नाही. मी स्वतः पहिल्या दिवशी दुसऱ्यांदा थांबवताना ‘बास, बास’ असेच ओरडले होते आणि ते सर्वांना कळले, हा भाग वेगळा.

आजीचा प्रश्न अजून अनिर्णित आहे. पायाळू माणसाची लाथ पाठीत बसली की भरलेली उसण उतरते, आणि पायाळूने विजा चमकताना उघड्यावर जाऊ नये, हे तिचे पक्के शास्त्र. पण पोट चिरून काढलेले मूल पायाळू धरायचे की नाही, यावर तिला गावात कोणी ठाम उत्तर देत नाही.

मी रुग्णालयाला लेखी अभिप्राय दिला आणि सहा आठवड्यांनी उत्तर आले. ईसीव्हीची खोली प्रसूतिकक्षात हलवली आहे आणि गॅस आता आरंभापासून देऊ केला जातो, असे त्यात लिहिले होते. पत्रकाचा पुढील फेरविचार दोन वर्षांनी आहे. तोवर त्यात ‘काहीशी अस्वस्थता’ तशीच राहणार आहे, म्हणून पत्रकाला शून्य तारे.